राजा की गंगी

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शेवंता आज पुन्हा गेली. म्हशीची धार काढून गोठ्यातून बाहेर आलो तर दार सताड उघडं. चपला जागेवरच. अनवाणी गेली होती.

सुरजनं आणून सोडली. त्याचं शेत आमच्या शेताला लागून, रुळाच्या अंगाला. दोन रुळांच्या मधून चालली होती म्हणे, लोंढा जंक्शनकडं तोंड करून. "कुठं निघाला मामी?" विचारलं तर म्हणाली, "माहेरी. आई वाट बघत असेल." तिची आई जाऊन एक पिढी झाली.

सुरज हसत म्हणाला, "बाबूमामा, मामीच्या गळ्यात घंटा बांधा की. आमची गाय हरवायची बंद झाली त्यानं." मीही हसलो. मग दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. रूळ. गाडी. कानानं ती बरी आहे. पण गाडी म्हणजे काय हेच एखाद्या दिवशी विसरली तर?

२० नोव्हेंबर, गुरुवार

धारवाडला जाऊन आलो. लेक वनिता हुबळीहून थेट दवाखान्यात आली, बरं झालं. डॉक्टर काय सांगतात ते माझ्या एकट्याच्या डोक्यात राहत नाही, आणि जे राहतं ते भलतंच.

डॉक्टरीणबाई तरुण आहे. कन्नड बोलते, आवाज मऊ. शेवंताला विचारलं, आज वार कोणता? चुकली. तुमचं गाव? माहेरचं सांगितलं. मुलं किती? एक, वनी — हे बरोबर. मग विचारलं, तुमच्या यजमानांचं नाव काय? शेवंतानं पदर तोंडाला लावला आणि मान खाली घालून हसली.

डॉक्टरीणबाईनं माझ्याकडं बघितलं. "आठवत नाही, की घेत नाहीत?"

मी सांगितलं, लग्नाच्या मांडवात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर आजतागायत 'अहो', नाहीतर 'वनीचे अप्पा'. बाई म्हणाली, "माझी आजीपण कधी घ्यायची नाही," आणि कागदावर काही न लिहिता पुढच्या प्रश्नाला गेली.

तिचं काम झालं. माझ्या मनात ते कुसळासारखं राहिलं. बसमध्ये शेजारी बसलेल्या शेवंताकडं बघत होतो. माझं नाव हिच्या डोक्यात आहे की गेलं? आणि हे कळायचं कसं?

रोज काय घडतं ते लिहून आणा म्हणालेत. परवापासून लिहितोच आहे. चौथीपर्यंत शिकलो, तेवढं येतं. पण हे सगळं बाईला दाखवणार नाही. वनिताला तर नाहीच.

२१ नोव्हेंबर

चहा पिताना सहज म्हटलं, तुझा लग्नातला उखाणा म्हण बघू. लगेच म्हणाली — "अळणावरच्या ठेसनावर गाडी घेते पाणी —"

आणि थांबली. पुढं माझं नाव येतं. पदर तोंडाला. हसली.

लाजली की अडली?

२३ नोव्हेंबर, रविवार

वनिताचा फोन. "अप्पा, आईला घेऊन इकडंच या." हुबळीत कमरीपेठेत तिच्या दोन खोल्या, दारातून बाहेर पाय टाकला की रस्ता, रिक्षा, टेम्पो. इथं निदान बांधाबांधावर ओळखीची माणसं आहेत. तिकडं ती गर्दीत शिरली तर कोण विचारणार, कुठं निघालीस बाई म्हणून? आणि म्हैस? आणि भात अजून खळ्यावर पडलंय. "बघू," म्हटलं.

"तुमचं बघू म्हणजे नाही," म्हणाली. खरं आहे तिचं.

२५ नोव्हेंबर

अळणावरला भरमण्णा भेटला. तरुणपणी त्याच्या मागं रानात हिंडलोय. शिकार बंद झाली, बंदुका गेल्या, तरी यानं कुत्री पाळायची सोडली नाहीत. आता गुडघे गेले. बेळगावला लेकाकडं निघालाय कायमचा. तिथं जिना चढायचा आहे, कुत्र्यांना जागा नाही. दोन उरलीत, एकाच विणीची भावंडं. मुधोळी जातीची. एक नर, एक मादी.

मी म्हटलं, मला दे. माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. शेवंताच्या बरोबर चालणारं, ती गेली की ओरडणारं काहीतरी पाहिजे होतं. मला तिच्या मागं पळवत नाही आता.

"एकच देईन," भरमण्णा म्हणाला. "दोन एका घरात नकोत. एकमेकांची होतात, माणसाची राहत नाहीत. काम काय आहे?"

"म्हातारी राखायची."

मला वाटलं हसेल. हसला नाही. "माझ्या जनावरांनी ससा राखलेला नाही कधी," म्हणाला. "ये, बघून जा. नर पाहिजे की मादी, तू ठरव. मी सांगणार नाही. उद्या काही झालं तर माझ्या नावानं बोंब नको."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

बघून आलो. शेवंताला रूपाजवळ बसवून गेलो होतो — सुरजची बायको, पोर चांगली आहे.

नर राजा. मातकट रंग, छाती ही एवढी, उभा राहिला की माझ्या कमरेच्या वर. मादी गंगी. अंगानं बारीक, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, तोंड लांब. दोघांनीही माझ्याकडं बघितलं नाही. लांब कुठंतरी शिवारात बघत उभी.

भरमण्णानं जे सांगितलं ते विसरू नये म्हणून लिहितो. ही जात वासाची नाही, नजरेची. पळेल त्याच्या मागं जाणार. उभ्या जनावराकडं ढुंकूनही बघणार नाही. राजा मागून येऊन धरतो, खाली पाडतो. गंगी धरत नाही. ती पुढं निघून जाते आणि आडवी उभी राहते, ससा वळवून राजाच्या तोंडात देते. "नर धरतो, मादी आडवी जाते. दोघांची शिकार म्हणजे अशी."

निघताना हात धरून म्हणाला, "बाबू, एक ऐक. म्हातारी पळायला लागली तर कुत्रं सोडू नको. यांना माणूस आणि ससा पळताना सारखाच."

घरी येईपर्यंत तेवढंच घोळवत आलो. मग कशाला आणायचं? पण न आणून तरी काय करायचं?

२८ नोव्हेंबर

नर? मादी?

सुरज म्हणतो नर. रानडुकरं हरभऱ्यात शिरतात, नर असला तर बांधाला येणार नाहीत. वनिता फोनवर म्हणाली, "अप्पा, मादी नको हं. माजावर आली की सगळ्या गावची कुत्री दारात. मग पिलं कोण टाकून येणार?" तेही खरं. पण नर माजाच्या दिवसांत भलतीकडं पळतो, चार-चार दिवस येत नाही. नेमकी त्याच वेळी शेवंता गेली तर?

शेवंतालाच विचारलं. कुत्रा आणू की कुत्री? तांदूळ निवडत होती. सुपातून मान वर न काढता म्हणाली, "त्याला काय विचारायचं. खायला घालील त्याचं होतंय." अगदी पहिल्यासारखी बोलली. दोन मिनिटांनी विचारलं, "तुम्ही कुणाकडचे?"

पहिल्यांदाच असं विचारलं. मी उठलो. बाहेर जाऊन म्हशीला पाणी दाखवलं. ती आधीच पाणी पिऊन बसली होती.

३० नोव्हेंबर, रविवार

गंगी आणली.

भरमण्णाची एकच गोष्ट डोक्यात राहिली होती, राजा खाली पाडतो. शेवंताची हाडं आता वाळल्या शेंगांसारखी झालीत. पाडणारा नको. तेवढ्यावर ठरवलं, बाकीचं सगळं बाजूला ठेवलं. आणि तरीही दावं हातात घेतलं तेव्हा मन राजाकडंच ओढत होतं. राजाला सुरज घेऊन गेला. खूश आहे.

जातीचं कुत्रं विकत घ्यायचं नसतं, नारळ ठेवून न्यायचं असतं. तशीच आणली. भरमण्णाही घरापर्यंत सोडायला आला. भरमण्णा म्हणाला, "घरात शिरली की भाकरीचा पहिला घास आपल्या तोंडात चावून द्यायचा. घास ज्याचा, कुत्रं त्याचं. मग ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही."

शेवंतानं भाकरी आणून दिली. मी तुकडा मोडला, चावला, हातावर धरला. गंगीनं वास घेतला, खाल्ला, माझ्या पायाशी बसली. घरात येणाऱ्या जनावराला पहिला घास माझाच असतो — म्हैस आणली तेव्हा, बैल होते तेव्हा. भरमण्णा परत जाताना दारात उभा राहून डोळे पुसत होता. म्हणाला, धूळ गेली.

१ डिसेंबर

काय केलं मी हे!

सकाळी खळ्यावर निघालो तर गंगी मागं. हाकलली, परत आली. घरी नेऊन शेवंताजवळ बांधली तर अशी विव्हळायला लागली की शेवंता कानावर हात ठेवून आत गेली. माझ्यासाठी थोडीच आणली होती तिला? घास शेवंताच्या हातून द्यायला पाहिजे होता. भाकरी तिच्याच हातात होती. मी घेतली तिच्याकडून. सवयीनं घेतली.

वनिताला सांगितलं नाही.

३ डिसेंबर, बुधवार

शेवंताच्या हातानं घालून बघतोय. तिला सांगितलं, चाव आणि दे. ती चावते आणि गिळते. "मला भूक लागली होती," म्हणते. कधी देते तर गंगी तोंड फिरवते, माझ्याकडं बघते. दोन दिवस मी हात आखडता घेतला. उपाशी बसली, घास घेतला नाही. शेवटी माझाच जीव राहिना.

भरमण्णाला बेळगावला फोन लावला. "पहिला घास कुणी दिला?" त्यानं विचारलं, आणि लगेच, "तूच दिलास ना? मग झालं तर," म्हणाला, आणि माझ्या म्हशीची चौकशी करायला लागला.

सुरजला विचारलं, बदलून घेतोस का? राजा एव्हाना त्याच्या घोंगड्यावर झोपायला लागलाय. "मामा, असं कुठं असतं व्हय? बायको बदलून मागितल्यासारखं झालं की हे." रूपा आतून म्हणाली, "मागा मागा मामा, देतील ते."

शेवंता रोज विचारते, हिचं नाव काय. मी सांगतो, गंगी. "बरं नाव आहे," म्हणते.

५ डिसेंबर

आज घरीच राहिलो. ती गेली नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

राजा गेला.

पलीकडच्या शिवारात कुणीतरी डुकरांसाठी विजेची तार लावली होती. पहाटे त्यात अडकला. तार कुणाची, कुणी सांगत नाही. सगळ्यांना माहीत आहे. सुरज पोत्यात घालून घेऊन आला. एवढा बाप्या माणूस, बांधावर बसून रडला. तीन डिसेंबरला त्यानं हो म्हटलं असतं तर पोत्यात गंगी असती. आणि आधीच नर घेतला असता तर हे पोतं माझ्या दारात आलं असतं.

मी तार बघून आलो. गुडघ्याएवढ्या उंचीवर. आता काढली म्हणतात. पण एकदा लावलेली पुन्हा लागते. शेवंता चालताना खाली बघत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

बोटांना फडकं बांधलंय, अक्षर नीट येणार नाही.

रूपा घरी बसली होती शेवंताजवळ. मी हरभऱ्याला पाणी सोडायला गेलो, गंगी दाव्यानं बरोबर. ऊन उतरायला लागलं होतं. मान वर केली तर भरावावर, रुळांच्या मध्ये शेवंता. रूपा आपल्या पोराला घ्यायला आत गेली तेवढ्यात निघाली असणार.

हाक मारली, "शेवंता!" तिनं वळून बघितलं. माझ्याकडं. मी हात हलवत भरावाकडं पळालो, आणि तिच्या तोंडावर जे दिसलं ते — भीती. माझी भीती. कुणीतरी परका म्हातारा कुत्रं घेऊन अंगावर येतोय अशी. ती पळायला लागली. रुळावरून. तेवढ्यात अळणावरच्या बाजूनं शिटी झाली.

गंगीनं दाव्याला असा हिसका दिला की माझी बोटं सोलली. ताठ उभी, नजर शेवंतावर. भरमण्णा म्हणाला होता, पळाली तर सोडू नको. मी जेवढा पुढं जाईन तेवढी ती पुढं पळणार. थांबलो तर गाडी.

सोडलं दावं.

डोळे मिटले मी. उघडले तेव्हा गंगी भरावावर होती. शेवंताला मागं टाकून पुढं गेली आणि आडवी उभी राहिली. भुंकली नाही, दात दाखवले नाहीत. नुसती आडवी. शेवंता डावीकडं वळली, गंगी डावीकडं. मग शेवंता रूळ ओलांडून माझ्या बाजूला वळली आणि खडीवरून घसरत भरावाखाली आली. वरून गाडी गेली. किती डबे होते कोण जाणे, संपतच नव्हते.

मी पोचलो तेव्हा ती कण्हत होती. पाय वाकडा. गंगी शेजारी बसलेली, शिवारात बघत.

१७ डिसेंबर

धारवाड. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं. वनिता रात्रंदिवस तिच्याजवळ. "कुत्रीनं आईला पाडलं," असं डॉक्टरांना सांगत होती. मी ऐकलं. बोललो असतो तर पहिल्या घासापासून सांगावं लागलं असतं.

२८ डिसेंबर, रविवार

घरी आणली. बाहेरच्या खोलीत खाट टाकली. म्हैस सुरजनं नेली आपल्या गोठ्यात. आता मी खाटेजवळून हलत नाही. तिला उठवायचं, भांडं द्यायचं, कूस बदलायची. मी हलत नाही म्हणून गंगीही हलत नाही, खाटेखाली पडून असते. यासाठीच आणली होती तिला.

शेवंतानं वनिताला हळूच विचारलं, "हा म्हातारा चांगला आहे गं. पगार किती देता?"

वनिता स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज करत राहिली.

२ जानेवारी

उखाणा म्हणून बघितला. "अळणावरच्या ठेसनावर —" मी सुरुवात केली. ती माझ्याकडं बघत राहिली, शेजारणीच्या पोराचं कवतिक ऐकावं तसं. पदर तोंडाला लावला नाही. लाजायला समोर कुणी नव्हतंच.

म्हणजे गेलं. आता लपवण्यासारखं काही नाही तिच्याजवळ.

७ जानेवारी, बुधवार

वनिता म्हणते, संक्रांत झाली की दोघांनाही हुबळीला नेणार. आता 'बघू' म्हणायची सोय नाही, एकट्यानं मला कूस बदलवत नाही तिची. हो म्हटलं. "कुत्री नाही हं अप्पा," म्हणाली. घरमालक ठेवून घेणार नाही, आणि आईला जिनं पाडलं ती तिला डोळ्यासमोर नको.

मग आज सगळं सांगितलं. रूळ, गाडी, दावं. पहिला घासही. वनिता ऐकत राहिली. मग आईची चादर नीट करून म्हणाली, "अप्पा, तरीपण जागा नाही."

सुरज घेईन म्हणतो. पण ती त्याच्या हातचं खाणार नाही. राजाच्या खड्ड्याशेजारी दुसरा खड्डा, एवढंच होईल.

९ जानेवारी

सुरजनं घास देऊन बघितला. गंगीनं तोंड फिरवलं. रूपानं दिला. तेच.

११ जानेवारी, रविवार

शेवंतानं नाव घेतलं.

मी दारात लाकडं फोडत होतो. आतून हाक आली, "बाबू." माझी कुऱ्हाड तशीच राहिली. "बाबू, ये. खा." तिचा हात खाटेवरून खाली लोंबत होता, तळव्यावर भाकरीचा घास. चावलेला होता. गंगी खाटेखालून बाहेर आली, तिनं माझ्याकडं बघितलं. मी जागचा हललो नाही.

मग तिनं खाल्ला.